मांजर वेगळंच ओरडतंय? या चुका टाळा आणि डॉक्टरकडे कधी पळायचं ते ओळखा

मांजर ओरडलं की आपण त्या आवाजाचा अर्थ लावायला बसतो. भूक लागली असेल, दार उघडून हवं असेल, कंटाळलं असेल. बहुतेक वेळा तो अर्थ बरोबरही निघतो. मोठी मांजरं एकमेकांशी बोलताना म्याव फारसं करत नाहीत. म्याव ही मुळात पिल्लाने आईला मारलेली हाक असते, आणि घरात राहणारं मांजर ती माणसांसाठी आयुष्यभर चालू ठेवतं. त्यामुळे प्रत्येक मांजराची आपल्या घराशी बोलायची पद्धत वेगळी असते. सयामी दिवसभर गप्पा मारतं, पर्शियन आठवडाभर शांत बसतं, गल्लीतून आणलेलं इंडी कसं निघेल याचा नेम नाही. म्हणून 'हा आवाज म्हणजे हे' अशा तयार तक्त्यांवर माझा विश्वास नाही.

पाहायचं असतं ते इतकंच: हा आवाज तुमच्या मांजराचा रोजचा आहे का, आणि नसेल तर त्याच्यासोबत शू, श्वास, खाणं आणि चालणं यांपैकी काय बदललं आहे? ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर 'रात्रभर ओरडतोय, काय देऊ?' हा प्रश्न नेहमी येतो. खाली दहा उत्तरं येतात आणि त्यांतली आठ काहीतरी पाजायला सांगतात. 'शू केली का?' असं विचारणारा क्वचितच भेटतो.

बोका लिटरमध्ये बसून ओरडतोय, म्हणजे पोट साफ होत नाहीये

ही चूक सगळ्यात आधी सांगतो, कारण हिच्यापायी धडधाकट बोके हातचे जातात.

बोका सारखा लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जातो. बसतो, बराच वेळ बसून राहतो, खोल आणि लांबवलेला आवाज काढतो, बाहेर येऊन शेपटीखाली चाटतो, पुन्हा आत जातो. कधी बाथरूमच्या जाळीवर बसतो, कधी सिंकमध्ये. घरच्यांना वाटतं शी अडकली. मग कुणी दूध देतं, कुणी एरंडेल, कुणी उकडलेला भोपळा. यात रात्र निघून जाते.

अडकलेली असू शकते ती शू. बोक्याची मूत्रनलिका शेवटाकडे फार अरुंद असते. मूत्राशयात तयार झालेले बारीक स्फटिक आणि चिकट स्राव यांचा बुच तिथे बसला की थेंबही बाहेर पडत नाही. मूत्राशय फुगत जातं, दाब मूत्रपिंडांपर्यंत पोचतो आणि जे शरीराबाहेर जायला हवं ते रक्तात साठू लागतं. त्यात पोटॅशियम वाढतं आणि ते थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. शू पूर्ण अडकलेला बोका २४ ते ४८ तासांत दगावू शकतो. उलटी होऊ लागली, तो कोपऱ्यात जाऊन पडला, ओरडायचा थांबला, तर 'आता बरं वाटतंय' असं समजू नका. तो खचत चाललेला असतो.

म्हणून एक नियम पक्का धरा. बोका जोर लावतोय आणि शू दिसत नाही, तर शूच अडकली आहे असं समजून त्याच तासाला निघायचं, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. डॉक्टर पोट चाचपून मूत्राशय भरलं आहे का ते लगेच सांगतात. बद्धकोष्ठ निघालं तर चांगलंच. भाटीला शूची जळजळ होते, लघवीत रक्तही येतं, पण तिची नलिका रुंद असल्यामुळे ती पूर्ण बंद होणं दुर्मीळ. ती खातपीत असेल आणि थोडी थोडी शू होत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं तरी चालतं. बोक्याच्या बाबतीत सकाळची वाट पाहायची नाही.

घरी पोट दाबून शू काढायचा प्रयत्न करू नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. सिरिंजने पाणीही पाजत बसू नका. बाहेर जायला वाट नसताना आत भर घालण्यात काही अर्थ नाही. माणसांचं मुतखड्याचं सिरप तर अजिबात नको.

शू होते आहे की नाही हे कळणार कसं? ट्रेमध्ये शूने गोळे होणारी लिटर भरत असाल तर रोज काढताना गोळे मोजायची सवय लावा. तुमच्या मांजराचे रोज साधारण किती आणि केवढे गोळे निघतात हे माहीत असेल, तर एक दिवस न निघालेला गोळा तुम्हाला आवाजाच्याही आधी सावध करेल. लाकडी पेलेट किंवा वाळू वापरत असाल आणि शंका आली, तर बॉक्स रिकामा करून तळाला पांढरा कागद अंथरा. ओलं झालं की नाही ते दिसेल, गुलाबी डाग पडला तर तोही दिसेल.

दवाखान्यात भूल देऊन कॅथेटर, म्हणजे बारीक नळी घालतात, बुच मोकळा करतात, सलाइन लावतात, रक्त तपासतात. बहुतेक वेळा कॅथेटर दोन-तीन दिवस ठेवावा लागतो. घरी आणल्यानंतर पहिल्या काही दिवसांत पुन्हा अडकायचा धोका असतो, म्हणून तेव्हा प्रत्येक शूवर लक्ष ठेवा.

हे होऊ नये म्हणून पोटात पाणी जास्त जाऊ द्या. फक्त कोरड्या दाण्यांवर राहणारा, नसबंदी झालेला, घरात बसून जाड झालेला बोका याला लवकर बळी पडतो. ओलं खाणं द्या, नाहीतर दाण्यांत पाणी घाला. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. लिटर बॉक्स जितकी मांजरं त्याहून एक जास्त असावा. आणि ताण हेही मोठं कारण आहे. शेजारच्या फ्लॅटमध्ये टाइल्स फोडणं चालू आहे, नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून भाड्याच्या घरात आलो, घरात बाळ आलं, अशा बदलांनंतर मूत्राशयाला सूज येणारी मांजरं पुष्कळ असतात. नव्या घरात आल्यावर पहिले काही दिवस मांजराला एकच खोली द्या. त्याचं जुनं अंथरूण आणि जुना लिटर बॉक्स तिथेच ठेवा.

'उकडतंय म्हणून धापा टाकतोय' आणि 'केसांचा गोळा अडकलाय'

कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो ते त्याच्यासाठी रोजचं आहे, मांजरासाठी नाही. खूप खेळून झाल्यावर किंवा गाडीत घाबरून एखादा मिनिट तोंड उघडलं आणि लगेच मिटलं तर ठीक. बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेत असेल, प्रत्येक श्वासाला पोट आत-बाहेर होत असेल, हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या दिसत असतील, तर लगेच निघा. ऑक्सिजनची सोय असलेला दवाखाना गाठा. वाटेत त्याला घट्ट धरू नका, पाणी पाजू नका.

मांजर गाढ झोपलेलं असताना छातीचे श्वास मोजा. मिनिटाला तीसच्या आत असावेत. वरचेवर त्याहून जास्त भरत असतील तर डॉक्टरांना सांगा, ओरडत नसलं तरी.

केसांच्या गोळ्याची चूक जास्त फसवी आहे. मांजर जमिनीला चिकटून बसतं, मान पुढे ताणतं, घशातून खर्र-खर्र आवाज काढतं, आणि बाहेर काहीच पडत नाही. घरचे गोळ्यासाठी पेस्ट चाटवत राहतात. हे वारंवार होत असेल तर तो दम्याचा खोकला असू शकतो. अगरबत्ती, धूप, डास मारायची कॉइल, लिटरची धूळ यांनी तो वाढतो. बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी धूप होत असेल, तर त्या वेळी मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या. दमा औषधाने चांगला ताब्यात राहतो.

दुखतंय म्हणून माणसांची गोळी देणं

पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. क्रोसिन असो, डोलो असो, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराला मारायला पुरते. हे औषध निकामी करण्याची जी क्षमता आपल्या यकृतात असते ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. कुणी चुकून दिलीच असेल तर लपवू नका. डॉक्टरांना किती आणि किती वाजता दिली ते सांगा. यावर उतारा आहे आणि तो लवकर दिला तरच उपयोगी पडतो. आयब्युप्रोफेनही द्यायचं नाही. कुत्र्याच्या गोचिडीचं औषध मांजराच्या मानेवर लावणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, त्याने मांजर थरथरतं आणि त्याला झटके येतात.

दुखण्याची एक किंकाळी मात्र वेगळी असते. मांजर एकाएकी जिवाच्या आकांताने ओरडतं आणि मागचे पाय ओढत चालायला लागतं. पाय गार लागतात, तळव्याच्या गाद्या फिक्या किंवा निळसर पडतात. घरच्यांना वाटतं कुठून तरी पडलं, मोच आली. बहुधा हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी मागच्या पायांकडे जाणारी धमनी बंद करून बसलेली असते. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार त्याआधी कित्येकदा कळलेलाही नसतो. तेल चोळू नका, शेक देऊ नका. यातून सगळी मांजरं वाचत नाहीत, पण वेदना इतकी असते की निव्वळ ती थांबवण्यासाठीसुद्धा त्याच क्षणी डॉक्टरकडे जायला हवं.

आणि घुरघुर करतंय म्हणजे मजेत आहे, असं समजू नका. मांजर वेदनेत आणि भीतीतही घुरघुरतं. मांडीवर बसून घुरघुरणारं आजारी मांजर मी पाहिलेलं आहे.

पडलं, पण चालतंय ना

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये मांजर आणि खिडकी यांच्यामध्ये एक कबुतर पुरतं. आधी दातांचा कट-कट आवाज येतो. तो अगदी नेहमीचा, शिकार दिसली की मांजरं तसं करतातच. मग डासांच्या जाळीवर झेप आणि जाळीसकट खाली. मांजर चारही पायांवर पडतं म्हणून त्याला काही होत नाही, असं लोक सांगतात. न्यूयॉर्कमधल्या १९८७ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांपैकी सुमारे ९० टक्के जगली, हे खरं. पण ती सगळी दवाखान्यात आणलेली, उपचार मिळालेली मांजरं होती, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या छातीला इजा झालेली होती.

पडलेलं मांजर पार्किंगमध्ये गाडीखाली बसून बारीक आवाजात विव्हळतं किंवा अगदी गप्प होतं. वर आणल्यावर चालतं, कदाचित खातंही. फुप्फुसाचा मार, टाळूची फट, जबड्याचा तडा हे बाहेरून दिसत नाही. त्यामुळे पहिल्या मजल्यावरून पडलं असलं तरी त्याच दिवशी एक्स-रे काढा. आणि डासांच्या जाळीच्या भरवशावर राहू नका. कबुतरांसाठी लावतात ती मजबूत जाळी किंवा ग्रिल हवंच.

माजावर आलेल्या भाटीला आजारी समजणं, आणि आजारी भाटीला माजावर आलेली

पाच-सहा महिन्यांची भाटी अचानक रात्रभर मोठमोठ्याने ओरडते, जमिनीवर लोळते, अंग घासते, पाठीवरून हात फिरवला की मागचा भाग उचलून शेपटी बाजूला करते. खाणं थोडं कमी होतं, पण शू-शी ठीक असते. ही माजावर आली आहे. साधारण आठवडाभर चालतं, आणि बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सुरू होतं. आपल्याकडे थंडी फारशी नसल्यामुळे वर्षातला बराच काळ हे चक्र चालू राहतं. उपाय नसबंदी. 'एकदा पिल्लं होऊ द्या मग करू' या म्हणण्याला काही आधार नाही. उलट लवकर केलेल्या नसबंदीने स्तनांच्या कर्करोगाचा धोका खूपच कमी होतो.

नसबंदी न झालेली भाटी माजानंतर काही आठवड्यांनी मलूल झाली, खूप पाणी पिऊ लागली, पोट फुगलं, खालून घाण वासाचा स्राव आला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. स्राव आला नाही तरी हा आजार असू शकतो. ही तातडीची शस्त्रक्रिया आहे. पुढच्या माजापर्यंत थांबायचं नाही.

आवाज बसलाय, हळद-दूध देऊ

म्याव करायला तोंड उघडतं, पण आवाज घोगरा येतो किंवा येतच नाही. सोबत शिंका, डोळ्यांतून पाणी, नाक गळणं असेल तर बहुधा सर्दीचे विषाणू. पावसाळ्यात, आणि नवीन पिल्लू घरात आणल्यावर, हे जास्त दिसतं. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही आणि वास आला नाही की ते खात नाही. मोठ्या, त्यातही जाड मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतावर चरबी चढून जिवावर बेतू शकतं. म्हणून २४ तास अन्न न घेणं हे डॉक्टरकडे जायला पुरेसं कारण आहे. छातीला बाम चोळू नका, वाफेत निलगिरीचं तेल टाकू नका. मांजर ते चाटतं आणि त्याच्या शरीराला ते सोसत नाही. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून साध्या वाफेत दहा मिनिटं बसवलं तर चालतं. सर्दी नसताना आवाज बसला आणि आठवड्यात सुटला नाही, किंवा श्वासाला घरघर येत असेल, तर घसा तपासून घ्या. स्वरयंत्राचा लकवा किंवा गाठ असू शकते.

गल्लीतल्या मांजराचा आवाज बदलला, लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, चाल अडखळतेय, तर घशात काटा अडकला असेल म्हणून तोंडात बोट घालू नका. रेबीजमध्येही असंच होतं. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी महापालिकेच्या रुग्णालयात लस घ्या. घरच्या मांजराला दरवर्षी रेबीजची लस हवी, ते घराबाहेर पाऊल टाकत नसलं तरी.

म्हातारं मांजर रात्री रडतंय, म्हणजे अशुभ, किंवा वयच झालं

मांजर रडलं की घरात काहीतरी वाईट होतं, असं अजून मानतात. वॉचमनला सांगून खालचं मांजर हुसकावतात, घरच्या मांजराला बाल्कनीत कोंडतात. माझ्या मते म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत यापेक्षा निर्दय चूक नाही, कारण ते रडणं बहुधा एखाद्या आजाराचं असतं आणि त्या आजारावर उपचार असतात.

दहाच्या पुढचं मांजर भरपूर खाऊनही वाळत चाललंय, अस्वस्थ आहे आणि रात्री ओरडतंय, तर थायरॉइड तपासा. पाणी जास्त पिऊन शू जास्त होत असेल तर मूत्रपिंडं तपासा. दोन्हींत रक्तदाब वाढू शकतो, आणि वाढलेल्या रक्तदाबाने मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, टेबलाच्या पायाला धडक, आणि घाबरून ओरडणं. अशा वेळी लगेच नेलं तर दृष्टी वाचायची थोडी तरी शक्यता राहते. काही मांजरांना ऐकू येईनासं होतं म्हणून ती मोठ्याने ओरडतात, काही खोलीच्या मधोमध उभी राहून आपण कुठे आहोत हे विसरतात. वयामुळे विसरायला लागलंय, हा निष्कर्ष बाकी तपासण्या झाल्यावरच काढायचा. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा ठेवा आणि लिटर बॉक्स झोपायच्या जागेजवळ आणा.

तरुण, तब्येतीने ठणठणीत मांजर पहाटे पाचला ओरडत असेल तर ती बहुतेक आपणच लावलेली सवय असते. ओरडल्यावर उठून खाणं दिलं की ते तसंच करत राहणार. झोपायच्या आधी खेळवा, मग खाऊ घाला, आणि पहाटेच्या ओरडण्याला उत्तर देऊ नका.

निघायची वेळ आल्यावर शोधाशोध

आपल्या भागातली बरीच क्लिनिकं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, दुपारी बंद, रविवारी अर्धा दिवस. मांजर नेमकं शनिवारी रात्री आजारी पडतं. म्हणून आज शांत असताना फोन करून विचारून ठेवा: रात्री डॉक्टर असतात का, कॅथेटर घालता का, ऑक्सिजन आहे का, एक्स-रे आहे का, दाखल करून घेता का. दोन नंबर जवळचे आणि एक चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयाचा ठेवा. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं, तिथे चोवीस तास सेवा आहे. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. पण श्वास अडकला असेल तर ठाण्याहून किंवा नेरूळहून थेट तिकडे धावू नका. आधी जवळच्या ठिकाणी मांजराला स्थिर करून घ्या. रात्री घोडबंदर रोडवर अवजड ट्रकांत अडकलात तर पाऊण तास तिथेच जातो. पेट शॉपवाल्याकडून इंजेक्शन टोचून घेऊ नका, उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत पशुवैद्य असायला हवी.

मांजराला रिक्षात मांडीवर घेऊन जाऊ नका, एका हॉर्नला ते उडी मारतं. कॅरिअर एरवीही हॉलमध्ये उघडा ठेवा, आत जुना टॉवेल घाला. निघताना वरून ओढणी टाका. ओरडण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढलेला असू द्या, कारण डॉक्टरसमोर मांजर हमखास गप्प बसतं. शेवटची शू, शेवटचं खाणं, उलटी, आणि तुम्ही दिलेलं कुठलंही औषध, हे वेळेसकट लिहून न्या. आणि बोका असेल तर फोनवर नाव, पत्ता, जात सांगायच्या आधी पहिलं वाक्य हेच बोला: 'बोका आहे आणि शू होत नाहीये.' म्हणजे तुम्ही पोचायच्या आत ते कॅथेटर काढून तयार ठेवतील.